महाविद्यालयीन फलंदाजाची पारख
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



अमेरिकेत तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाने तेथील सुबत्तेविषयी अगर मुलांच्या संस्कारांविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज एका खेळाविषयी बोलणार आहे, आणि तोही क्रिकेट नव्हे. कारण घरगुती आहे. माझ्या थोरल्या बहिणीचा नातू तेथील एका महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असून बेसबॉलच्या संघात खेळतो. येत्या जुलैत व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याचे नाव पुकारले जाईल काय, आणि पुकारले गेलेच तर त्याने पदवी अर्धी टाकून जावे काय, हा प्रश्न आमच्या घरात वर्षभर चर्चिला जात आहे. ताई मला म्हणाली, "तू तिथे राहतोस, तुला काय वाटते ते स्पष्ट सांग." मला काहीच सांगता येईना. म्हणून मी त्याचे सामने पाहू लागलो आणि जाळीमागे वही घेऊन बसणाऱ्या पारख्यांशी ओळख करून घेतली. तेथे त्यांना स्काउट म्हणतात. त्यांच्या संगतीत जे उमगले, तेच आपल्यापुढे ठेवतो.

ही निवड, म्हणजे ड्राफ्ट, १९६५ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी पहिले नाव पुकारले गेले ते ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या रिक मंडे या महाविद्यालयीन खेळाडूचेच. ३० संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात. २०२१ पासून वीस फेऱ्या होतात. म्हणजे सारी मिळून सहाशेच्या आसपास नावे, आणि त्यांत शाळकरी मुलेही आलीच. चार वर्षांच्या महाविद्यालयात शिरलेल्या मुलाला तीन वर्षे पुरी झाल्यावर, अथवा वयाची २१ वर्षे भरल्यावर, निवडता येते.

आता फलंदाजीची गोष्ट. आमच्या मुलाची गेल्या मोसमातील सरासरी ०.३६१ होती आणि होमरन चौदा. ताईच्या घरी पेढे वाटले गेले. दहांत तीन वेळा यशस्वी होणारा फलंदाज या खेळात उत्तम गणला जातो, हे लक्षात घेता पेढे अस्थानी नव्हते. परंतु पारख्याने तो आकडा ऐकला आणि वहीत काहीच लिहिले नाही. मला राग आला. मग त्याने मला त्या आकड्यातून काय काय वजा करावे लागते ते समजावून दिले.

पहिली वजाबाकी बॅटची. व्यावसायिक खेळ लाकडी बॅटने होतो. महाविद्यालयांत १९७४ पासून धातूच्या बॅटला मुभा आहे. अंगाजवळ आलेला चेंडू मुठीशेजारी लागला तर लाकूड फुटते आणि चेंडू लोळत जातो. धातूच्या बॅटने तोच चेंडू क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून पडतो आणि सरासरीत भर पडते. २०११ साली या बॅटची उसळी नियमाने कमी केली तेव्हा महाविद्यालयीन होमरन एकदम घटले. पुढे २०१५ साली सपाट शिवणीचा चेंडू आणल्यावर ते पुन्हा वाढू लागले. मुले तीच, मनगटे तीच. आकडे मात्र साहित्याप्रमाणे हलले! दुसरी वजाबाकी मैदानाची. न्यू मेक्सिकोसारख्या उंच प्रदेशात हवा विरळ असते आणि चेंडू दूर जातो. तिसरी प्रतिस्पर्ध्याची. महाविद्यालयाचा सर्वांत चांगला पिचर बहुधा शुक्रवारी उतरतो. मंगळवारच्या सामन्यात दुय्यम मुले चेंडू फेकतात. आमच्या चिरंजीवाच्या चौदांपैकी सात होमरन मंगळवारचे निघाले. मुंबईकरांना हे पटवून देण्याची गरज नाही. कांगा लीगमध्ये पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर काढलेल्या तीस धावा आणि उन्हाळ्यात पाटा खेळपट्टीवर काढलेल्या तीस धावा एका तराजूत कोण घालतो?

मग पारखी पाहतो तरी काय? पिचर साडेसाठ फुटांवर उभा असतो. ताशी ९५ मैलांनी सुटलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात फलंदाजापाशी येतो. तेवढ्यात चेंडू ओळखायचा, मारावा की सोडावा हे ठरवायचे आणि बॅटही फिरवायची. म्हणून पारख्याची नजर जितकी मारलेल्या चेंडूवर असते, तितकीच सोडलेल्या चेंडूवर असते. बाहेर वळत जाणाऱ्या चेंडूमागे मुलगा हात ओढून नेतो, की पाय रोवून तो जाऊ देतो? जलद चेंडूची अपेक्षा असताना संथ आला तर तोल सांभाळतो काय? हल्ली बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग यंत्रे मोजतात; ९५ मैल वा त्याहून अधिक वेगाचा फटका जोरदार मानतात. तरीही २० ते ८० या मापावर गुण पारखीच देतो. ५० म्हणजे सर्वोच्च पातळीवरील सर्वसाधारण खेळाडू. गंमत अशी की प्रत्येक गुणाचे दोन आकडे लिहितात: एक आजचा, एक पुढे होईलसा वाटणारा. धावण्याचा वेग घड्याळाने मोजता येतो, पण फलंदाजीचा दुसरा आकडा कशाने मोजावा? तो शेवटी अनुभवी माणसाचा अंदाजच!

आणि अंदाज चुकतात. २००९ सालची निवड घ्या. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा डस्टिन ॲक्ली, महाविद्यालयातील सरासरी ०.४०० च्या वर, सिएटल संघाने एकंदर दुसऱ्या क्रमांकावर निवडला. त्याच निवडीत टेक्सास स्टेटचा पॉल गोल्डश्मिट आठव्या फेरीत, २४६ व्या क्रमांकावर, ॲरिझोना संघाकडे गेला. ॲक्ली २०११ ते २०१६ सर्वोच्च पातळीवर खेळला आणि सरासरी ०.२४१ वर थांबला. गोल्डश्मिट २०२२ साली नॅशनल लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. तो उजव्या हाताने मारणारा, उजव्या हाताने फेकणारा, पहिल्या बेसवरचा खेळाडू. या जातीच्या खेळाडूकडे पारखी पूर्वापार साशंकतेने पाहतात. कारण पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षणाची कसोटी कमी, त्यामुळे सारा भार फलंदाजीवर. आणि पिचर बहुतेक उजव्या हाताचे असल्याने डावखुऱ्या फलंदाजाला जी सोय मिळते ती याला नाही. आमचा मुलगा नेमका याच जातीचा! त्याच्या वडिलांनी गोल्डश्मिटचे छायाचित्र दिवाणखान्यात लावले आहे. मी त्यांना ॲक्लीचेही लावा म्हटले, ते त्यांना रुचले नाही. माइक पियाझा तर १९८८ साली बासष्टाव्या फेरीत, वडिलांच्या स्नेहसंबंधामुळे निवडला गेला, आणि २०१६ साली हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. आजच्या वीस फेऱ्यांत त्याचे नावच निघाले नसते.

आता पदवीचा प्रश्न. आपल्या घरांतून याचे उत्तर झटकन येते: आधी शिक्षण पुरे कर. माझेही तेच होते. पण येथे एक मेख आहे. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला "रक्कम पटली नाही, मी परत वर्गात जातो" असे म्हणता येते. चौथे वर्ष संपवून खेळण्याचा हक्क सरलेल्या मुलाला ते म्हणता येत नाही. संघांना हे ठाऊक असते. २०१२ पासून पहिल्या दहा फेऱ्यांतील प्रत्येक क्रमांकाला ठरीव मूल्य आहे. चौथ्या वर्षाच्या मुलाला थोडक्यात गुंडाळून वाचलेला पैसा संघ दुसऱ्या कोवळ्या मुलावर खर्च करतात. म्हणजे पदवी पुरी करणाऱ्यालाच खेळाच्या बाजारात भाव कमी! उलट, सही केल्यावरही तो थेट मोठ्या मैदानावर जात नाही. खाली चार पायऱ्यांचे दुय्यम संघ आहेत. गावोगाव बसचा प्रवास, तुटपुंजे वेतन (२०२३ च्या सामुदायिक करारानंतर ते काहीसे सुधारले), आणि बहुसंख्य मुले तेथूनच घरी परततात. मात्र उरलेल्या शिक्षणाचा खर्च संघाने द्यावा, असे कलम करारात घालून घेता येते. ताईला मी एवढेच लिहिले आहे की निवड झाल्यास रकमेच्या आधी ते कलम वाचा. आणि वीस फेऱ्यांत नाव आले नाही तर मुलासमोर तोंड पाडून बसू नका.

गेल्या उन्हाळ्यात तो लाकडी बॅटच्या एका स्पर्धेत खेळला. पहिल्या आठवड्यात दोन बॅटी फुटल्या. महिनाभरात होमरन एकच. पण चार वाईट चेंडू सोडून बेस मिळविण्याचे प्रसंग बाद होण्याच्या प्रसंगांहून अधिक भरले. त्या पारख्याने त्या दिवशी प्रथमच वही उघडून काहीतरी लिहिले. काय लिहिले ते त्याने मला दाखविले नाही, आणि मीही विचारले नाही. फुटलेल्या बॅटच्या मुठीचा तुकडा मुलाने आजीला पाठविला. ताईने तो देवघराशेजारच्या फडताळात ठेवला आहे. जुलै उलटेपर्यंत तेथून हलवायचा नाही, अशी सर्वांना तिची ताकीद आहे.