गाडी चालती ठेवू



पावसाळ्यात काळ्या रानातून बाळंतीण दवाखान्यात न्यायची, तर चारही चाकं ओढणारी जीपच लागते. आम्ही वर्गणी काढून जुनी जीप घेतली आणि 'फोर व्हील' तसंच ठेवून कोरड्या डांबरीवर पळवली. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. डांबरीवर चाक घसरत नाही, सगळा ताण गिअरवर येतो. गिअर तुटला. खर्च आमच्याच खिशातून गेला.

तेव्हा शिकलो. फोर व्हील चिखलात शिरण्याआधी टाका, डांबरी लागली की काढा. खोल ओढा ओलांडला की एक्सलचं ऑईल बघा. दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय; लगेच बदला.

रस्ता मागणं सोडायचं नाही. पण बाळंतीण रस्त्यासाठी थांबत नाही.