शवविच्छेदन आणि आप्तांची संमती

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन सुमारे 20 शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा मृत्यूचे कारण कायद्याच्या कसोटीस उतरेल असे सिद्ध करण्याचे प्रमुख साधन शवविच्छेदन आणि व्हिसेराचे (शरीरातील अंतर्गत अवयवांचे) रासायनिक परीक्षण हेच होते. रुग्णालयात नैसर्गिक आजाराने निधन झाले व केवळ रोगाच्या अभ्यासासाठी शवविच्छेदन करावयाचे असेल, तर आप्तांची संमती लागते, त्यांचा नकार मानावा लागतो; परंतु मृत्यू अनैसर्गिक असून त्याच्या कारणाविषयी शंका असल्यास, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 अन्वये, पंचनामा करणारा पोलीस अंमलदार देह तपासणीस पाठवितो, आणि तेथे संमती विचारली जात नाही.

हे बंधन मला न्याय्य वाटते, कारण ज्या मजुराच्या नावे सातबाराही नाही, त्याच्या विधवेचा भरपाईचा दावा बहुधा याच अहवालावर उभा असतो. मात्र ज्यांचा नकार कायदा ऐकत नाही, त्या दूरच्या तालुक्यातून आलेल्या आप्तांना शवागाराबाहेर रात्रभर ताटकळत ठेवणे अक्षम्य आहे. पुरेशी सोय असेल तेथे, खून, आत्महत्या वा घातपाताच्या संशयाची प्रकरणे सामान्यतः वगळून, सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करण्यास केंद्र सरकारने नोव्हेंबर 2021 मध्ये मुभा दिलेली आहे. आप्तांनी तिची विचारणा निःसंकोच करावी.