क्राकोव्ह नगरीची खाद्ययात्रा



नगरीचा इतिहास तिच्या राजवाड्यांत वाचावयास मिळतो, तसाच तिच्या ताटांतही. पोलंडमधील क्राकोव्ह नगरीत वाटाड्यासमवेत खाद्यभ्रमण करिताना आम्हांस याची प्रचीती आली.

तेथे रस्तोरस्ती गाड्यांवर 'ओब्वाझानेक' नावाची कडी विकतात. पिठाचे दोर पिळून, उकळत्या पाण्यातून काढून, खसखस लावून ती भाजतात. १४९६ मध्ये राजा यान ओल्ब्राख्त याने ती करण्याचा हक्क नगरीतील पाववाल्यांच्या संघास दिला. २०१० मध्ये युरोपीय संघाने त्या नावास संरक्षण दिले.

पुढे 'बार म्लेच्नी' ह्या स्वस्त खाणावळीत 'पिएरोगी' चाखल्या. आकार आपल्या करंजीचा, आत बटाटा व ताजे चीज. मात्र तळलेल्या नव्हेत, उकडलेल्या.

शेवटी काझिमिएश हा भाग आला. तेथे ज्यू समाज शतकानुशतके नांदला. १९४१ मध्ये नाझींनी उरलेल्या ज्यूंस व्हिस्तुला नदीपलीकडे कोंडले, आणि मार्च १९४३ मध्ये ती वस्तीही नष्ट करून बहुतेकांचा संहार केला. आज तेथील उपाहारगृहांत ज्यू पक्वान्ने मिळतात. परंतु ती पिढ्यान्‌पिढ्या रांधणारी घरे उरली नाहीत. पदार्थ टिकला म्हणजे समाज टिकला, असे नव्हे.

त्याच युद्धाने निर्वासित केलेल्या सुमारे ५,००० पोलिश लोकांस १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरनजीक वळिवडे येथे आसरा मिळाला होता. परक्याचे अन्न चाखणे सोपे आहे. संकटकाळी त्याच्या चुलीस आपल्या गावी जागा देणे, हेच खरे आतिथ्य होय.