तेरा नंबरचा शॉर्टस्टॉप

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘इतकी वर्षं अमेरिकेत काढलीस, तर तिकडचं काहीतरी सांग,’ असा संयोजकांचा आदेश होता. मी विषय कळवला, ‘बेसबॉल’. त्यावर फोनवर बराच वेळ शांतता होती. मग पलीकडून विचारणा झाली, ‘दुसरं काही नाही का?’ दुसरं बरंच आहे, पण या विषयाचा आज दुपारच्या कार्यक्रमाशी संबंध आहे. तो शेवटी सांगतो. तोवर वीस मिनिटं सहन करा. गणिताच्या तासाला आपण याहून जास्त सहन केलं आहे. (सर, माफ करा.)

१९८५ साली मी शिकायला ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात गेलो. सप्टेंबरमध्ये तिथल्या ‘रेड्स’ संघाच्या पीट रोझने ४,१९२ वा हिट मारून टाय कॉबचा जुना विक्रम मोडला आणि सगळं शहर वेडं झालं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत एक वयस्कर तंत्रज्ञ होते. त्यांना माझी दया आली आणि ते मला ओहायो नदीकाठच्या रिव्हरफ्रंट स्टेडियमवर घेऊन गेले. आम्ही अगदी वरच्या, स्वस्तातल्या खुर्च्यांवर बसलो. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. चेंडूकडे बघू नकोस, चेंडू टाकायच्या आधी तो तेरा नंबरचा खेळाडू कुठे सरकतो ते बघ. तो तेरा नंबर म्हणजे शॉर्टस्टॉप डेव्ह कॉन्सेप्सियोन. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता, उतरणीला लागलेला होता. तरीही चेंडू यायचा तिथे तो आधीच पोचलेला असायचा.

शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा क्षेत्ररक्षक. बहुतेक फलंदाज उजव्या हाताने खेळतात, त्यामुळे जमिनीवरून जाणारे जोरदार फटके याच बाजूला जास्त येतात. चेंडू अडवायचा, उचलायचा आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, पहिल्या बेसवर फेकायचा. फलंदाजाला धावायचे असतात फक्त ९० फूट. तो चार-साडेचार सेकंदांत पोचतो. एवढ्या वेळात हे सगळं झालं नाही तर तो वाचला. शॉर्टस्टॉपने वाचवलेल्या धावा धावफलकावर कुठेच दिसत नाहीत, कारण त्या झालेल्याच नसतात. आपल्याला एकनाथ सोलकर आठवतो. २७ कसोटींत ५३ झेल. त्याची फलंदाजीची सरासरी किती होती, ते इथे कोणी सांगेल का? बघा, कोणी सांगत नाही. आणि तरीही तो कोण होता हे सगळ्यांना माहीत आहे.

आता मुद्द्यावर येतो. न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचं छोटं गाव आहे. तिथे बेसबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. १९३६ साली पहिले पाच खेळाडू निवडले गेले, त्यांत होनस वॅग्नर हा शॉर्टस्टॉपच होता. निवडलेल्या प्रत्येकाची कांस्याची पाटी तिथे लागते. खेळाडूने निवृत्त होऊन पाच वर्षं झाली की बेसबॉल लेखकांच्या संघटनेचे जुने सदस्य मतं देतात. ७५ टक्के मतं मिळाली की निवड. त्या काळात एखादं नाव मतपत्रिकेवर जास्तीत जास्त १५ वर्षं राहू शकत असे. कॉन्सेप्सियोनचं नाव १९९४ पासून २००८ पर्यंत पूर्ण १५ वर्षं राहिलं. सगळ्यात चांगलं वर्ष १९९८, त्या वर्षी मतं १६.९ टक्के. पुढे २०१० च्या डिसेंबरात जुन्या खेळाडूंसाठीच्या समितीपुढे नाव गेलं. १६ जणांची समिती, १२ मतं हवीत, मिळाली ८. २०१३ साली पुन्हा नाव आलं, पुन्हा राहिलं. आजही तो बाहेरच आहे.

तो आत असावा का? अमेरिकेत मी या प्रश्नावर बरीच भांडणं केली आहेत. आज दोन्ही बाजू तुमच्यापुढे ठेवतो.

आधी विरोधातली बाजू, कारण ती कच्ची नाही. १९ हंगामांत त्याची फलंदाजीची सरासरी ०.२६७, हिट २,३२६, होम रन १०१. शॉर्टस्टॉपसाठी हे आकडे बरे आहेत, थोर नाहीत. हल्ली तज्ज्ञ फलंदाजी, धावणं, क्षेत्ररक्षण सगळं एकत्र करून एक आकडा काढतात, की या खेळाडूमुळे संघाला साधारण बदली खेळाडूपेक्षा किती विजय जास्त मिळाले. त्यात कॉन्सेप्सियोन चाळीसच्या आसपास आहे. बॅरी लार्किन आणि ॲलन ट्रॅमेल सत्तरच्या, तर ऑझी स्मिथ त्याच्याही पुढे. सत्तरच्या दशकातल्या क्षेत्ररक्षणाचे आकडे जुन्या नोंदींवरून अंदाजाने काढलेले आहेत, असं मी म्हणू शकतो आणि ते खरंही आहे. पण त्या अंदाजाने तीस विजयांचा खड्डा भरत नाही. हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं.

आता बाजूने. पहिली गोष्ट, त्याच्या काळात त्याला काय मानत होते? नऊ वेळा ऑल स्टार संघात निवड, १९८२ च्या ऑल स्टार सामन्याचा तो सर्वोत्तम खेळाडू. उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पाच वेळा. १९८१ आणि १९८२ मध्ये आपल्या जागेवरच्या सर्वोत्तम फलंदाजाचा मानही त्याचाच. म्हणजे नुसता अडवणारा नव्हे. १९७४ पासून १९८२ पर्यंत नॅशनल लीगमधला सर्वांगाने सर्वोत्तम शॉर्टस्टॉप कोण, असं विचारलं तर बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव त्याचंच येईल.

दुसरी गोष्ट, मोजपट्टी कोणत्या काळातली? त्याचं नाव मतपत्रिकेवर होतं ती १९९४ ते २००८ ही वर्षं म्हणजे होम रनचा महापूर. त्याच काळात कॅल रिपकेन कारकिर्दीतले ४३१ होम रन घेऊन निवृत्त होत होता, ॲलेक्स रॉड्रिगेझ शॉर्टस्टॉपच्या जागेवर खेळून वर्षाला चाळीस-पन्नास मारत होता. मतदारांच्या डोळ्यांपुढे हे शॉर्टस्टॉप आणि हातात सत्तरच्या दशकातल्या माणसाची मतपत्रिका. कॉन्सेप्सियोनच्या तरुणपणी शॉर्टस्टॉपकडून कोणी होम रनची अपेक्षाच करत नसे. आजोबांच्या मॅट्रिकच्या गुणांची नातवाच्या नव्वद टक्क्यांशी तुलना करावी, तसं ते झालं.

तिसरी गोष्ट, संघ. १९७५ साली रेड्सने १०८ सामने जिंकले, १९७६ साली १०२, आणि दोन्ही वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या संघाच्या नेहमीच्या आठ खेळाडूंना आजही ‘ग्रेट एट’ म्हणतात. त्यांतले बेंच, मॉर्गन आणि पेरेझ हॉल ऑफ फेममध्ये आहेत, व्यवस्थापक स्पार्की अँडरसनही आहेत. पीट रोझ जुगारापायी बाहेर राहिला, ती कथा वेगळी. मला वाटतं, बऱ्याच मतदारांच्या मनात हिशेब झाला असावा की एका संघातून आधीच इतके घेतले, आता आणखी किती? पण १९७५ च्या मालिकेतला दुसरा सामना बघा. पहिला सामना हरलेले रेड्स नवव्या डावात २-१ ने मागे. दोन गडी बाद. बेंच तिसऱ्या बेसवर. कॉन्सेप्सियोनने हिट मारला, बेंच घरी आला, बरोबरी. मग त्याने दुसरा बेस चोरला आणि ग्रिफीच्या फटक्यावर विजयाची धाव स्वतः केली. तो सामना गेला असता तर रेड्स ०-२ ने मागे पडले असते. ती मालिका शेवटी सातव्या सामन्यावर गेली, हे लक्षात घ्या.

चौथी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोठी. रिव्हरफ्रंटवर गवत नव्हतं, कृत्रिम गालिचा होता. त्यावर चेंडू पाण्यावरच्या चपट्या दगडासारखा सुसाट निघायचा. कॉन्सेप्सियोन मागे सरून लांब उभा राहू लागला. पण लांबून फेक वेळेत कशी पोचणार, त्यात कोपराचं दुखणं? त्याने मुद्दाम खाली, जोरात फेकायला सुरुवात केली. चेंडू गालिच्यावर एकच टप्पा घेऊन थेट पहिल्या बेसवरच्या हातात जायचा. अशी फेक त्याच्याआधी कोणी केलीच नव्हती असं नाही, पण तिचं शास्त्र त्याने केलं. इतरांनी ती उचलली. ज्या गोष्टीला लोक मैदानाचा दोष म्हणत होते, तिचंच त्याने अवजार केलं.

आणि पाचवी, तेरा नंबर. तो व्हेनेझुएलातल्या ओकुमारे दे ला कोस्ता या समुद्रकाठच्या गावचा. त्याचा आदर्श होता त्याच देशाचा शॉर्टस्टॉप लुईस आपारिसिओ. आपारिसिओची सरासरी ०.२६२, म्हणजे याच्याहून कमीच. होम रनही कमी. मात्र त्याने ५०६ बेस चोरले, गोल्ड ग्लव्ह नऊ मिळवले आणि १९८४ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. कॉन्सेप्सियोनने तेरा नंबर घेतला, त्याच्या आईचा जन्म १९१३ चा म्हणून. पुढे व्हेनेझुएलाच्या ओझी गियेन आणि ओमार विझकेल या दोन शॉर्टस्टॉपनी याच्यावरच्या प्रेमापोटी तोच नंबर पाठीवर घेतला. आपण ज्याला अपशकुनी मानतो, तो आकडा एका देशाच्या मुलांनी मानाचा केला. सिनसिनाटीत मी आणखी एक गोष्ट पाहिली. १९८६ साली तरुण बॅरी लार्किन संघात आला, तो याचीच जागा घ्यायला. याने त्याच्यापासून काही लपवून ठेवलं नाही. लार्किन २०१२ साली हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि आपल्या घडणीत याचा वाटा होता, हे त्याने उघडपणे मान्य केलं.

तर माझं मत काय? होय, तो आत असावा. तो वॅग्नरच्या किंवा स्मिथच्या पंक्तीतला नाही, हे मला ठाऊक आहे. पण मतदारांना दिलेल्या नियमांत नुसती कामगिरीची आकडेवारी नाही, संघाला दिलेलं योगदानही आहे. ते शब्द शोभेसाठी लिहिले नसतील, तर ते अशाच माणसासाठी आहेत. ट्रॅमेलही लेखकांच्या मतदानात १५ वर्षं नापास झाला आणि २०१७ साली समितीने त्याला आत घेतलं. दार अजून बंद झालेलं नाही. रेड्सने मात्र कोणाची वाट पाहिली नाही. २००७ साली त्यांनी तेरा नंबर कायमचा निवृत्त केला. तो आता त्या संघात दुसऱ्या कोणाला मिळत नाही.

आता दुपारच्या कार्यक्रमाकडे येतो. शाळेच्या दालनात आपल्या बॅचचा सन्मान फलक लागणार आहे. त्यासाठीचा अर्ज मलाही आला. त्यात तीन रकाने आहेत, नाव, पद आणि पुरस्कार. माझं नाव कोणीतरी सुचवलं आहे. मी तिन्ही रकाने पाच मिनिटांत भरले, आणि खरं सांगतो, भरताना बरंही वाटलं.

मग मला आपली एक मैत्रीण आठवली. तिचं नाव घेत नाही, घेतलं तर ती उठून बाहेर जाईल. शाळा सुटल्यापासून तिच्याकडे एक वही आहे. कोणाची बदली झाली, कोणाचं लग्न, कोणाचे वडील गेले, कोणाचा पत्ता बदलला, सगळं त्यात आहे. मी परदेशातून पहिल्यांदा सुट्टीवर आलो तेव्हा आमच्या घरी माझ्या आधी तिचं पत्र येऊन पडलं होतं. आपल्यातले दोघे-तिघे संकटात असताना त्यांच्यापर्यंत पहिला माणूस पोचला तो त्या वहीमुळे. आज आपण इथे जमलो आहोत ते तिच्यामुळे, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिच्यासाठी तो अर्ज भरायला बसलो तर नावाच्या पुढचे दोन्ही रकाने कोरे राहतात.

संयोजकांना माझी विनंती एवढीच. दुपारी मतं घेण्याआधी त्या अर्जात एक चौथा रकाना आखा. आणि तेवढी जागा नसेल, तर माझी ओळ काढा.