कर्कपेशी चालते कशी?



उधना-लिंबायतच्या बाजूस राहणाऱ्या मराठी माणसाला सुताची ओळख करून द्यावयास नको. खानदेशातून भुसावळ-सुरत लोहमार्गाने येऊन येथील यंत्रमागांवर उभ्या राहिलेल्या घरांतून ताणा आणि बाणा हे शब्द मुलांनाही ठाऊक असतात. आज ज्या धाग्यांविषयी बोलावयाचे आहे, ते मात्र माणसाच्या केसाहून सुमारे दहा हजार पटींनी बारीक आहेत. आपल्या पेशींचा सांगाडा अशा धाग्यांनी बनलेला असतो.

त्यांतील एका प्रमुख प्रथिनाचे नाव अ‍ॅक्टिन. हंगेरीतील सेगेड येथे ब्रूनो श्ट्राउब यांनी ते १९४२ च्या सुमारास स्नायूंतून वेगळे काढले. त्याचा जोडीदार मायोसिन; त्याला हे नाव जर्मन शास्त्रज्ञ क्यूने यांनी १८६४ मध्येच दिले होते. मायोसिन अ‍ॅक्टिनचे धागे ओढते आणि स्नायू आखडतो. पुढे असे आढळले की, ही जोडी स्नायूंवाचूनच्या पेशींतही असते. जखम भरताना पेशी सरकत येतात, त्या हिच्याच बळावर.

आणि कर्कपेशीही हिच्याच बळावर चालते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा जो कर्करोग होतो, त्याला मेलॅनोमा म्हणतात. तो जागच्या जागी असेतो शस्त्रक्रियेने काढून टाकता येतो. रोगी दगावतो तो बहुधा त्या पेशी फुप्फुस, यकृत किंवा मेंदू गाठतात म्हणून. गाठ किती मिलिमीटर जाड आहे यावर रोग्याचे भवितव्य बरेचसे ठरते, हे अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली दाखविले. एक मिलिमीटरच्या आत असता बहुतेक रोगी बरे होतात.

ही पेशी चालते कशी? लंडनमधील एरिक सहाय व ख्रिस मार्शल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तिच्या दोन चाली स्पष्ट झाल्या. एका चालीत कर्कपेशी लांबट होते, अ‍ॅक्टिनच्या जोरावर पुढचे टोक रेटते आणि वाटेतील तंतूंचे जाळे पाचकरसांनी विरघळवते. दुसऱ्या चालीत ती गोल होते. मायोसिन तिला आतून आवळते आणि जाळे न तोडताच ती फटींतून निसटते. मेलॅनोमाच्या पेशींत ही दुसरी चाल त्यांना आढळली. एकच चाल रोखून भागत नाही. प्रयोगशाळेत दोन्ही वाटा एकदम बंद केल्या तेव्हाच आक्रमणाला खरा आळा बसला.

मग मायोसिनच बंद पाडा, असे कोणी म्हणेल. पण हृदयही मायोसिनवरच धडधडते! म्हणून संशोधकांचा रोख मायोसिनवर नसून त्याला चेतविणाऱ्या द्रव्यावर अधिक आहे. त्या द्रव्याला आवरणारे फासुडिल हे औषध जपानात १९९५ पासून मेंदूतील रक्तस्रावाच्या रोग्यांना दिले जाते. कर्करोगावरील उपाय म्हणून मात्र ते रूढ झालेले नाही. प्रयोगशाळेपासून रोग्याच्या खाटेपर्यंतचे अंतर फार लांबचे असते, हे वर्तमानपत्रांतील मथळे वाचताना विसरू नये.

तोवर आपल्या हाती काय आहे? गोऱ्या कातडीच्या लोकांत हा रोग पुष्कळ. उन्हाशी त्याचा निकट संबंध. आपल्याकडे तो विरळा, पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, आणि तेथे उन्हाचा दोष नसतो. मागावर दिवसभर उभा राहणारा माणूस तळपायावरील काळ्या डागाला कुरूप समजतो आणि ब्लेडने तासतो. त्यात महिने जातात, आणि तेवढ्यात गाठ खोल जाते.

आंघोळीच्या वेळी तळपाय उलटून पाहावा. डाग वाढत असेल, त्याची कड वेडीवाकडी असेल, रंग एकसारखा नसेल, रक्त येत असेल किंवा नखात काळी रेघ रुंदावत असेल, तर त्याला ब्लेड लावू नये; त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. जांघेत अवधाण आले असेल तर तेही दाखवावे. पायावरील डागातून निघालेल्या पेशींचा पहिला मुक्काम पुष्कळदा तेथेच पडतो.