मूल नम्र नसतं



पत्रिकेत 'ख्रिस्ती धर्मातील बालवृत्ती' असा विषय छापलाय. तो वाचून आज सकाळी दोघांनी मला गाठलं, "सर, तुमचं काही ठरलंय का?" (हशा) काही ठरलेलं नाही. मी माळकऱ्याच्या घरातला. तुकोबांनी देवाकडे लहानपण मागितलं ते तुम्हाला पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, शिष्य येशूला विचारतात, स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण? येशू एक पोर बोलावतो, मधोमध उभं करतो आणि म्हणतो, असे व्हा. यावर सगळे सांगतात, मूल नम्र असतं. घरात मूल असणाऱ्यांनी हात वर करा. असतं नम्र? (हशा) माझं म्हणणं कित्येक वर्षं एकच आहे. मूल नम्र नसतं, मूल विचारतं. येत नाही याची त्याला लाज नसते.

पंडिता रमाबाईंचंच पाहा. त्यांना 1878 साली कोलकात्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' पदवी दिली. 1883 साली त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. एवढी संस्कृत पंडिता केडगावच्या मुक्ती मिशनात हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसली. का? तर कमी शिकलेल्या बाईलाही बायबल कळावं, अशा मराठीत ते आणायचं होतं. 1922 साली वारल्या, तोवर हेच काम. शिकवण्याच्या वयात विद्यार्थी होणं सोपं नाही, हे मी मास्तर म्हणून सांगतो.

आता माझंच सांगतो. नोकरीत असताना बैल घ्यायला गेलो. देवणी म्हटलं की आपली छाती फुगते. वानेरा, बालंक्या, शेवरा, तिचे सगळे प्रकार तोंडपाठ. विकणारा म्हणाला, चारदाती आहे. मी मान डोलावली. चारचौघांत मास्तर कसा विचारणार? पैसे दिले, कासरा हातात घेतला. वेशीवर चौथीतल्या एका पोरानं बैलाचा जबडा उघडला आणि म्हणालं, "गुरुजी, ह्यो तर कवाच जुळलाय." (प्रचंड हशा) हसा. जुळलेला म्हणजे सगळे दात आलेला, चारदाती कसला! त्या पोराला मी वर्गात दात मोजायला नव्हे, पाढे म्हणायला लावत होतो. तो बैल पुढं चार वर्षं माझ्याकडं होता, स्वभावानं फार गुणी, पोळ्याला तर...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बैलानं वेळ खाल्ला.

लक्ष्मीबाई टिळकांवर खरं तर तासभर हवा होता. त्यांचे वडील इतके सोवळे की घरात आलेला जिन्नस धुऊन घेत. 1895 साली नवरा, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले, बाई लगेच झाल्या नाहीत. जाती देवानं केल्या की माणसानं, हे त्यांनी स्वतःशी विचारून पाहिलं आणि उत्तर मिळाल्यावर शिवाशिव सोडली. बाप्तिस्मा 1900 साली. पुढं 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात स्वतःची फजिती अशी सांगितली की वाचणारा पोट धरून हसतो. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनीच पुरं केलं.

मागून कोणीतरी म्हणतंय, "सर, धर्मांतराचं बोला." पाच मिनिटांत ते बोलणारा मी नव्हे, चहाला या, भांडू.

आणि एक. वाचनालयातली 'स्मृतिचित्रे' ज्यांनी नेलीय त्यांनी ती परत करावी. बाकीच्यांना... काय? ग्रंथपाल खूण करतायत. माझ्याकडंच आहे होय? (हशा) उद्या आणून देतो.