मुलीला दुभाषी करू नका



मेळघाटात आले तेव्हा माझ्याकडे एम.एस.डब्ल्यू.ची पदवी होती, कोरकू भाषा नव्हती. एका आरोग्य केंद्रात दहा-अकरा वर्षांची मुलगी आईच्या रक्तस्रावाविषयी डॉक्टरांना मराठीत सांगत होती. लाजत, निम्मं गिळत. त्या दिवशी तिची शाळा बुडाली होती.

कोरकू मुंडा कुळातली भाषा. मराठीहून अगदी वेगळी. तरी आपणच म्हणतो, ‘या बायका बोलत नाहीत.’ १९९३ साली इथले बालमृत्यू चव्हाट्यावर आले. योजना आल्या. २०१५ साली अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा बाईला एक वेळचं चौरस जेवण द्यायचं ठरलं. पण कुटुंब मजुरीसाठी बाहेर पडलं की ते ताट गावातच राहतं, आणि मुलीची शाळाही.

गडचिरोलीत ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू घटले, १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. गावातल्या बाईला दुभाषी लागत नाही!

म्हणून आपली मागणी साधी आहे : प्रत्येक आरोग्य केंद्रात कोरकू बोलणारी, पगारी बाई हवी. मुलीला वर्गात बसू द्या.

मी कोरकू शिकते आहे. चुकते. बायका हसतात, आणि मग बोलतात.